दंडावरची हळद

कांचन मगदूम रोजच्यासारखी उजाडायच्या आत उठली. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं आहे का ते तिने आधी पाहिलं, मग शेगडीवर चहाचं आधण ठेवून शाळूचं पीठ परातीत घेतलं. सांगलीत आता बहुतेक घरांतून भाकरी थापणारी यंत्रं आली होती. शेजारच्या दोन्ही घरांतली घरघर भिंतीतून ऐकू येई. पण भूपालला यंत्राची भाकरी पसंत नव्हती. तिला पापुद्रा सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. कांचनने दोन-तीन भाकऱ्या केल्या, पुढचा उंडा हातात घेतला आणि तशीच ओट्यावर वाकून उभी राहिली. बरगड्यांच्या खाली, अगदी मधोमध, आतून कुणी पिळा घालावा तशी कळ आली होती आणि ती पाठीतून आरपार गेली होती. पुढे वाकलं की ती थोडी सैल पडते, हे तिला गेल्या काही दिवसांत कळून चुकलं होतं. म्हणून ती वाकून राहिली. स्वयंपाक करणारी बाई ओट्यावर वाकलेली दिसली, तर त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

तव्यावरची भाकरी करपली.

"जळका वास यायलाय," भूपाल आतून म्हणाला. "आणायचं का शेवटी यंत्र?"

"आणा. आणि त्याच्याशीच संसार करा."

"ते उलटून बोलत नाही म्हणतात. विचार करायला पाहिजे."

तो टॉवेल खांद्यावर टाकून हसत मोरीकडे गेला. बॅटरीवर चालणारा त्याचा छोटा टेम्पो दारात रात्रभर चार्ज होत असे. मार्केट यार्डातून कारखान्यांकडे हळदीची पोती पोचवण्याचं काम तो अजून स्वतः टेम्पो चालवून करत होता. त्याची पाठ वळल्यावर कांचन सावकाश सरळ झाली.

आंघोळ झाल्यावर तिने देवापुढे निरांजन लावलं, कपाळाला कुंकू लावलं आणि करंड्यातली चिमूटभर हळद पाण्याच्या थेंबात कालवली. ती तिने डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला लावली. तिथे रुपयाएवढी एक पातळ चकती चिकटवलेली होती. हळद चकतीवर लावायची नव्हती. तिच्या खालच्या कडेला, नखाएवढ्या जागेत लावायची होती. हात इतका सरावला होता की आरसा लागत नसे. चकतीतला ठिपका क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा हिरवा झाला.

कांचनने ब्लाउजची बाही खाली ओढली. तेवढ्यात फोन वाजला. केंद्राच्या डॉक्टर निवेदिता बिरनाळे बोलत होत्या.

"कांचनताई, लगेच येता का? आपली ऋतुजा पहाटे दाखल झालीय. स्वादुपिंडाला सूज आहे. बरीच आहे. आणि कशामुळे, तेच कळत नाहीये."

कांचनने फोन ठेवला तेव्हा तिच्या बोटांना हळद तशीच होती.

*

ज्यांनी गोळ्यांचे दिवस पाहिले नाहीत त्यांना काडीचं मोल कळणार नाही, असं कांचन केंद्रात येणाऱ्या नव्या बायकांना सांगत असे. ती तिथे 'सखी' होती. म्हणजे डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. स्वतः एचआयव्हीसह जगणारी आणि नुकतंच निदान झालेल्यांच्या शेजारी बसून "मी बघ, कशी ठणठणीत आहे" एवढं आपल्या देहाने सांगणारी बाई. गोळ्या तिने वर्षानुवर्षं घेतल्या होत्या. त्या प्लास्टिकच्या बाटलीतून मिळत, आणि बाटली पर्समध्ये खुळखुळत असे. तो आवाज एसटीत, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या पालकसभेत ऐकू गेला की शेजारची बाई विचारणार, कसल्या हो गोळ्या? म्हणून बाटलीत कापूस कोंबायचा. कांचनच्या पहिल्या नवऱ्याला तर कापसाचाही भरवसा वाटत नसे. पाहुण्यांकडे मुक्काम असला की तो बाटली घरीच ठेवून जाई. गोळ्या चुकत गेल्या, विषाणू औषधाला सरावला, आणि ज्या आजारासह माणसं म्हातारी होईपर्यंत जगत होती त्या आजाराने तो ऐन तारुण्यात गेला.

भूपाल तिला भेटला तो वधू-वर मेळाव्यात. मुलगा, मुलगी दोघंही एचआयव्हीसह जगणारी, असा तो मेळावा होता. छातीवर क्रमांकाचे बिल्ले लावून सगळे एका मंगल कार्यालयात खुर्च्यांवर अवघडून बसले होते. बाकीच्या मुली शेती, घर, पगार विचारत होत्या. कांचनने एकच प्रश्न विचारला होता, "गोळी चुकवता का?"

"एक वेळ जेवण चुकेल," भूपाल म्हणाला होता. तेवढ्यावर लग्न ठरलं.

पुढे काडी आली आणि बाटल्या गेल्या. काडेपेटीतल्या काडीएवढी एक लवचीक नळी दंडाच्या कातडीखाली सरकवायची. तिच्या भिंतीतून औषध अगदी कणाकणाने वर्षभर रक्तात झिरपत राही. चुकवण्याचा प्रश्नच नव्हता, लपवण्याचाही नव्हता. पण औषधाला एक खोड होती. थोड्या जणांत ते स्वादुपिंडाला सूज आणी. जठराच्या मागे आडवं असलेलं हे इंद्रिय अन्न पचवणारी द्रव्यं तयार करतं. आतड्यात पोचेपर्यंत ती द्रव्यं झोपलेली असतात. सूज आली की ती तिथल्या तिथेच जागी होतात आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. एचआयव्हीच्या जुन्या काळातल्या काही औषधांतही ही खोड होती. पण गोळी आज त्रास देऊ लागली तर उद्या बंद करता येते. कातडीखालची काडी आपण होऊन थांबत नाही. ती वेळेत कापून काढावी लागते, आणि त्यासाठी वेळ कधी आली ते कळावं लागतं.

ते कळवण्यासाठी दंडावरची चकती. बायका तिला टिकली म्हणत. तिच्या खालच्या सूक्ष्म सुया कातडीतला द्राव शोषून घेत. त्या द्रावात स्वादुपिंडाचं लायपेज नावाचं द्रव्य वाढलं, की ते टिकलीतल्या एका रसायनाचे तुकडे करी आणि ते तुकडे निळ्या उजेडात चमकत. चमक जितकी जास्त तितकी सूज जास्त. एका मर्यादेपलीकडे ठिपका लाल होई, केंद्राला आपोआप संदेश जाई आणि दारात रुग्णवाहिका येई.

प्रयोगशाळेत हे सगळं उत्तम चाललं. प्रयोगशाळेत हळद नव्हती.

सांगलीत ती होती. गोदामांत, कारखान्यांत, बायकांच्या नखांत, कोपरांत, कातडीच्या रंध्रांत मुरलेली. आणि हळदही निळ्या उजेडात चमकते. पहिल्याच हंगामात ऋतुजाच्या दंडावरची टिकली हळदपुडीच्या कारखान्यात, पन्नासेक बायकांच्या देखत लाल झाली. ऋतुजा जन्मापासून एचआयव्ही घेऊन जगलेली, आईबापांविना आत्याने वाढवलेली तिशीतली मुलगी. रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली. आलेल्या माणसाने फाटकातूनच केंद्राचं नाव घेऊन तिला हाक मारली. रुग्णालयात सगळ्या तपासण्या झाल्या आणि तिला काहीही झालेलं नाही असं निष्पन्न झालं. पण कारखान्यात तिने भरलेल्या माठातलं पाणी पुन्हा कुणी प्यायलं नाही.

अभियंत्यांनी चूक ताबडतोब दुरुस्त केली. नव्या टिकलीला दोन डोळे होते. एक सुयांकडे बघे, दुसरा कडेच्या उघड्या कातडीकडे. कातडीची जेवढी चमक असेल तेवढी मुख्य चमकेतून वजा व्हायची; हळदीमुळे होणारा गोंधळ मिटला. हे बायकांना सोप्या भाषेत समजावून सांगण्याचं काम कांचनचं होतं, आणि तिने ते चांगलं केलं. पण ऋतुजा रडत तिच्याकडे आली. "ताई, परत लाल झाली तर? दुसरीकडं कसंबसं काम मिळालंय. मला काडीच नको. गोळ्याच द्या."

त्या क्षणी कांचनला तिचा पहिला नवरा आठवला, आणि टिकलीचा दुसरा डोळा आठवला. त्या डोळ्यापुढे मुद्दामच हळद लावली तर टिकली एवढं वजा करेल, की तिला लाल होताच येणार नाही.

संक्रांतीला बायकांच्या मंडळाचं हळदीकुंकू होतं. तिथे सवाष्ण कोण, विधवा कोण, असं कुणी पाहत नसे. सगळ्यांना सगळं लावायचं. कांचनने ऋतुजाच्या कपाळाला हळद लावली, मग तिची बाही वर करून टिकलीच्या कडेलाही एक बोट ओढलं. "आता ही गप्प बसेल," ती म्हणाली. "भीती जाईपर्यंत लाव. मग सोड." पण शेजारी बसलेल्या जयूने पाहिलं आणि दंड पुढे केला. मग तिसरीने केला. कांचनने कुणाला नाही म्हटलं नाही. पुढे ते हळदीकुंकवाइतकंच रोजचं होऊन गेलं.

आणि वैशाखात पोट दुखू लागलं तेव्हा कांचनने स्वतःलाही तीच हळद लावली. काडी काढतील आणि औषध सुटेल, ही तिची भीती ऋतुजाच्या भीतीहून जुनी होती.

*

अतिदक्षता विभागाच्या दाराशी ऋतुजाची आत्या, रत्नाबाई, भिंतीला टेकून उकिडव्या बसल्या होत्या. कांचनला पाहताच त्या उठल्या आणि तिचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "आलीस बाई. आता तूच बघ."

ऋतुजा काचेपलीकडे होती. नाकात नळी, हातात सलाईन, चेहरा राखेसारखा. डाव्या दंडावरचा ठिपका मात्र हिरवागार होता.

डॉक्टर बिरनाळे बाहेर आल्या. त्या वयाने कांचनपेक्षा पुष्कळ लहान होत्या आणि पहाटेपासून उभ्या असल्याचं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"हे कोडंच आहे, ताई. रक्तातलं लायपेज भयंकर वाढलंय. पण टिकलीची मागच्या महिन्यांची नोंद बघा, अगदी सपाट. काडीमुळे सूज आली असती तर ती आठवडे-आठवडे हळूहळू चढत आली असती. टिकलीने ती केव्हाच पकडली असती. ज्या अर्थी पकडली नाही, त्या अर्थी हे अचानक झालंय. अचानक होतं ते पित्ताच्या खड्यांनी. खडे नाहीत."

"मग?"

डॉक्टरांनी रत्नाबाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग राहते दारू. मला विचारावं लागतंय. तुम्ही तिला ओळखता. घेते का ती?"

आवाज पुरेसा खाली गेला नव्हता.

"दारू?" रत्नाबाई पुढे सरकल्या. "अहो मॅडम, आमची पोर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत न्हाई! कामावरनं घर, घरातनं काम. कांचन, सांग की ह्यास्नी. तू तिला पोटच्या पोरीसारखं बघितलंयस."

"काडी काढता येणार नाही का?" कांचनने विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"कारणाशिवाय कशी काढू? औषध मध्येच तोडलं तर विषाणू डोकं वर काढेल, आणि अशा अवस्थेत तिला ते झेपणार नाही. त्याला तज्ज्ञ समितीची परवानगी लागते, आणि टिकली हिरवी असताना ती मिळत नाही. बरोबरच आहे ते. पण काडीच कारण असेल ना, ताई, तर आपण इकडे सलाईन लावतोय आणि तिकडे दंडातून तेच विष तिला पाजतोय. आज रात्रीपर्यंत उतार पडला नाही तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "दारू घेते का? एवढंच सांगा."

"मी जरा पाणी पिऊन येते," कांचन म्हणाली आणि वळली. रत्नाबाईंच्या हातातून तिचा हात निसटला. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

*

रुग्णालयाच्या मागच्या बाजूला कडुलिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता. भूपाल डबा घेऊन आला तेव्हा कांचन तिथे गुडघ्यांवर कोपरं टेकून, पोट मुडपून बसली होती.

"करपलेली भाकरी मी खाल्ली, चांगल्या तुला आणल्यात," तो म्हणाला. ती हसली नाही. त्याने डबा खाली ठेवला. "काय झालं? पोरगी बरी आहे न्हवं?"

तिने सांगितलं. ऋतुजाचं सांगितलं, संक्रांतीचं सांगितलं, आणि शेवटी, त्याच्याकडे न बघता, आपल्या पोटाचं सांगितलं.

भूपाल बराच वेळ चपलेच्या टोकाने कडुलिंबाच्या वाळक्या काटक्या मोडत राहिला.

"किती दिवस दुखतंय?"

"अक्षय्य तृतीयेच्या पुढं सुरू झालं."

"आणि मी यंत्राची चेष्टा करत बसलोय." तो तिच्या शेजारी टेकला. "ऐक. उगीच गाजावाजा कशाला करायचा? तू आत जा. पोरीच्या दंडावरची हळद पुस. टिकली आपोआप लाल होईल. डॉक्टरीणबाई काडी काढतील. पोरगी वाचेल. तुझीबी घरी जाऊन पुस, तुझी काढतील. कुणाला काय कळायचं कारण न्हाई."

कांचनने हा विचार केलेलाच होता. पाणी प्यायला म्हणून ती बाहेर पडली ती हाच विचार घेऊन. तो इतका सोपा होता की तिला त्याची भीती वाटली होती.

"मग टिकली सांगणार, सूज आज सुरू झाली," ती म्हणाली. "मागचे सगळे महिने हिरवेच राहणार. त्या हिरव्यावर विश्वास ठेवून उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या पोरीला विचारतील, दारू पितेस का? आणि आपल्या मंडळातल्या बाकीच्या? जयू आहे, शकीला आहे. त्यांच्या पोटात काय चाललंय ते टिकलीला माहीत न्हाई, मला न्हाई, कुणालाच न्हाई. मी सगळ्यांचे डोळे झाकलेत."

"सांगितलंस तर काड्याच बंद करतील. सगळ्यांच्या. परत बाटल्या. तुला ठाऊक आहे ते काय असतं." त्याचा आवाज चढला होता, त्यात राग कमी आणि घाबरणं जास्त होतं. "तुझी नोकरी जाईल ते सोड. ह्याच बायका तुला तोंडावर बोलतील, आमची काडी हिनं घालवली म्हणून."

"बोलतील."

"मग?"

"तुम्हाला मेळाव्यात मी काय विचारलं होतं?"

"गोळी चुकवता का," भूपाल म्हणाला.

"मला वाटायचं, माणूस गोळी चुकवल्यानं मरतो," कांचन म्हणाली. "माझा पहिला नवरा गेला, तेव्हापासून एवढंच डोक्यात बसलं. औषध सुटता कामा नये, बाकी काय वाट्टेल ते होऊ दे. पण तो गोळी चुकवून न्हाई मेला, अहो. बाटली वाजू नये म्हणून मेला. आणि मी पोरींना पुन्हा तेच शिकवलं. वाजू देऊ नका."

भूपाल उठला. "पाण्यानं हळद निघायची न्हाई," तो म्हणाला. "तेल लागेल. थांब, कोपऱ्यावर दुकान आहे."

तो खोबरेल तेलाची छोटी बाटली घेऊन आला. कापूस कांचनच्या पर्समध्ये होता. बाटल्या जाऊन वर्ष उलटलं तरी कापसाचं एक पुडकं तिच्या पर्समध्ये असायचं. का, ते तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

*

"मॅडम, जरा आत येता का माझ्याबरोबर? आणि आत्या, तुम्हीपण या. बघायला या."

परिचारिकेने काही म्हणण्याआधी डॉक्टरांनी हाताने तिला थांबवलं. कांचनच्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं असावं.

कांचन ऋतुजाच्या पलंगापाशी वाकली. कापसाचा बोळा तेलात बुडवून तिने टिकलीच्या खालच्या कडेवरून फिरवला. बोळा पिवळा झाला. दुसरा घेतला, तोही झाला. तिसऱ्यावर नुसती झाक राहिली. खोलीत यंत्राच्या टिकटिकीखेरीज आवाज नव्हता.

ठिपका लुकलुकला. हिरवा विझला, काही क्षण काहीच नव्हतं, आणि मग तो लाल झाला. डॉक्टरांच्या खिशातला फोन कर्कश वाजू लागला.

त्यांनी तो बंद केला. त्या पिवळ्या बोळ्यांकडे बघत होत्या. दुसऱ्या डोळ्याचं काम त्यांना ठाऊक होतं. समजायला वेळ लागला नाही.

"केव्हापासून?"

"संक्रांतीपासून. मी लावली. तिला, आणि अजून बायकांना. ती दारू पीत नाही, मॅडम." मग कांचनने स्वतःची बाही वर केली आणि चौथा बोळा तेलात बुडवला.

तिचाही ठिपका लाल झाला. ऋतुजापेक्षा सावकाश, पण झाला.

डॉक्टरांनी पुन्हा वाजू लागलेला फोन बंद केला. रागावल्या असत्या तर कांचनला सोपं गेलं असतं. "मी दर महिन्याला तुमच्या सगळ्यांच्या दंडांकडे बघून 'हिरवी आहे, छान' म्हणत होते," त्या म्हणाल्या. "हळद दिसत होती मला. सांगलीत कुणाच्या हातावर हळद दिसली तर विचारायचं काय!" मग त्यांचा आवाज बदलला, कामाचा झाला. "सिस्टर, काडी काढायची तयारी करा. दोघींची. ऋतुजाची आधी. समितीशी मी बोलते." दारातून त्या वळल्या. "ताई, मला हे सगळं वर कळवावं लागेल. इथे नव्या काड्या थांबतील. कदाचित सगळीकडेच थांबतील, टिकली सुधारेपर्यंत. तुमच्याबद्दलही लिहावं लागेल."

"लिहा," कांचन म्हणाली.

रत्नाबाई अजून पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "तू लावलीस?" त्यांनी विचारलं. "तू, कांचन?"

"व्हय, आत्या."

रत्नाबाईंनी तोंड फिरवलं. कांचनने क्षमा मागितली नाही; त्या क्षणी ती मागणं म्हणजे त्यांच्याकडून आणखी काहीतरी घेणं झालं असतं.

सलाईनचा हात हलला. ऋतुजाने डोळे किलकिले केले होते. "ताई," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "लाल झाली का?"

"झाली, बाळा."

"कुणी बघितलं?"

रत्नाबाई पुढे आल्या, कांचनला बाजूला न सारता तिच्या शेजारून वाकल्या आणि भाचीच्या कपाळावरचे केस मागे करत म्हणाल्या, "सगळ्यांनी बघितलं. बघू देत. तू झोप."

*

ऋतुजाचा ताप उतरायला आठवडा लागला. ती धोक्याबाहेर आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कांचन त्याच मजल्यावर, बायकांच्या साध्या विभागात होती. तिची सूज वेळेत सापडली होती. काही दिवस पोटाला विश्रांती, मग पेज, मग ताक. दंडावर, जिथून काडी काढली होती तिथे, लहानशी पट्टी होती. नव्या गोळ्या स्वादुपिंडाला त्रास न देणाऱ्या होत्या आणि रोज घ्यायच्या होत्या. केंद्रातून तिला पत्र आलं नव्हतं, पण तिच्या टेबलावर दुसरी मुलगी बसू लागल्याचं भूपाल सांगून गेला होता.

"मंडळातल्या बायकांना आम्ही फोन केलेत," सुट्टी देताना डॉक्टर म्हणाल्या. "निम्म्या आल्या नाहीत. उचलतच नाहीत."

"त्या फोनवर नाही यायच्या. मी लावलीय, मीच पुसते. चालेल ना, मॅडम? आता मी तुमची सखी नाही, तरी?"

डॉक्टरांनी उत्तरादाखल स्वतःच्या टेबलावरचा कापसाचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांचनने भाकऱ्या केल्या, जेवून घरी आल्यावरची पहिली गोळी घेतली आणि बाटलीला झाकण लावलं. भूपालने सवयीने कापूस पुढे केला. तिने तो घेतला, तेलाच्या बाटलीबरोबर पिशवीत टाकला आणि गोळ्यांची बाटली तशीच, मोकळी, पर्समध्ये ठेवली. भूपालने टेम्पो बाहेर काढला.

जयूचं घर पहिलं होतं. अंगणात तिची जाऊ पापड वाळत घालत होती. कांचन फाटक उघडून आत आली तशी तिच्या पर्समधून आवाज आला, पावलागणिक, खुळखुळ.

"काय वाजायलंय हो तुमच्या पर्समध्ये?" जाऊने मान वर करून विचारलं.

"गोळ्या," कांचन म्हणाली. "माझ्या आहेत. एचआयव्हीच्या. रोज घ्याव्या लागतात."

जाऊच्या हातातला पापड हातातच राहिला. कांचन तिच्याकडे पाहून हसली, पायऱ्या चढली आणि दारात उभ्या असलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या जयूला म्हणाली, "जरा खासगी काम होतं गं तुझ्याकडं. आत चल."

दोघी आत गेल्या. कांचनने दाराला कडी घातली, पिशवीतून तेल आणि कापूस काढला आणि जयूला खिडकीपाशी, उजेडात बसवलं.

"हात पुढं कर," ती म्हणाली.